पीव्हीसी पाइपाचा घरगुती लॅम्प आणि एलईडी बल्ब : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

चोपडा तालुक्यात आमची केळीची शेती आहे. दिवाळीआधी नवीन पाइपलाइन टाकली तेव्हा ११० एमएमच्या पाइपाचा हातभर तुकडा उरला, खळ्यात पडून होता. माय पहाटे चारला उठून पोथी वाचते आणि ट्यूब लावली की त्याच खोलीत झोपलेली पोरं जागी होतात, म्हणून म्हटलं याच तुकड्याचा लॅम्प करू. तेव्हापासून रोज लागतोय, पहाटे दोन तास आणि रात्री तीन.

पाइप करड्या रंगाचा, त्यातून उजेड आरपार येत नाही, भोकं पाडावीच लागतात. कागदावर केळीचं पान काढलं, कागद पाइपावर चिकटवला, मधल्या शिरेला ६ एमएमचं बिट आणि कडांना ३ चं. ड्रिल सावकाश चालवा, घाई केली की प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळतं आणि भोकाची कड फाटल्यासारखी दिसते. आणि तोंडाला रुमाल बांधा, कारण तो भुगा इतका बारीक असतो की हातावरच्या केसांना चिकटून बसतो, झटकला तरी जात नाही. पोथीच्या बाजूला चार बोटं रुंद खिडकी कापली, खाली सागाची फळी, त्यावर पिनवाला होल्डर, आणि वायर फळीतून बाहेर काढायच्या आधी आतून एक गाठ मारली म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ होल्डरच्या स्क्रूवर येत नाही. ही गाठ विसरू नका.

पहिला बल्ब घेताना मी फक्त वॅट बघितले आणि तिथेच चुकलो. ९ वॅटचा पांढरा घेतला, बॉक्सवर ६५०० के लिहिलेलं (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचा आकडा, जास्त असेल तितका उजेड पांढरा). उजेड भरपूर पण डोळ्यात घुसायचा, आणि दिवाळीच्या दिवसात कपाशीवरचे तुडतुडे त्या पांढऱ्या उजेडावर एवढे यायचे की पोथीचं पान उलटायच्या आधी फुंकर मारावी लागायची. चार दिवसांत तो काढून ओट्यावर लावला आणि ७ वॅटचा पिवळा, ३००० के वाला आणला. किडे बरेच कमी झाले. माय म्हणाली, "आते डोयासले लागत नही रे भो." माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

वॅट म्हणजे बल्ब खातो किती, उजेड देतो किती ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा, चांगला ७ वॅटचा एलईडी जवळपास तेवढाच देतो. दुकानात दोन ७ वॅटचे बॉक्स शेजारी ठेवून बघा, ल्युमेनचा आकडा वेगळा निघतो, स्टार जास्त तर एका वॅटला उजेड जास्त. रोज पाच तास धरले तर ६० वॅटवाला महिन्याला ९ युनिट खाईल, ७ वॅटचा एकाच्या थोडं वर. अजून एक, बल्ब लावून मोबाइलचा कॅमेरा समोर धरा, स्क्रीनवर काळे पट्टे जोरात सरकताना दिसले तर तो वाचायला घेऊ नका, डोळा शिणतो.

आता खरी अडचण. पाइपावर मी लाकडी झाकण घट्ट बसवलं होतं, वरून उजेड पोरांच्या तोंडावर जाऊ नये म्हणून. हिवाळा नीट गेला. एप्रिलच्या शेवटी बल्ब मधेच मिचमिचायला लागला आणि मे महिन्यात, बाहेर ४४-४५ डिग्री चालू असताना, बंदच पडला. दुकानदाराने बिल नाही म्हणून बदलून दिला नाही, तेव्हा बिल आणि बॉक्स जपून ठेवा. बल्ब उघडून बघितला तर ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणाऱ्या सर्किटच्या, प्लेटवरचा छोटा कपॅसिटर वरून फुगलेला. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला, बुडाकडे जाते आणि ड्रायव्हर नेमका तिथेच बसलेला असतो, त्यात आपल्याकडे रात्री नऊला पण भिंती तापलेल्या, आणि मी त्याला डब्यात कोंडलेलं. बल्बचा दोष काढण्याआधी मला हे कळायला पाहिजे होतं, माझं काम होतं ते.

मग फळीजवळ चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची भोकं पाडली आणि झाकण तीन लाकडी तुकड्यांवर बोटभर उचललं. आता खालून गार हवा आत येते, गरम वरून निघून जाते. नवीन बल्ब अजून ठीक आहे, हात वर धरला की गरम वारा लागतो, म्हणजे रस्ता मोकळा आहे.

यात जुना ६० किंवा १०० वॅटचा बल्ब चुकूनही लावू नका. शेतात पाइपाचं तोंड जाळावर धरून दुसऱ्या पाइपावर बसवतो तेव्हा पीव्हीसी किती पटकन मऊ पडतो ते सगळ्यांना माहिती आहे, ७५-८० डिग्रीला तो वाकायला लागतो, आणि त्या बल्बची काच शंभरच्या वर जाते. पाइप जळाला तर धूर विषारी.

वायरवरचं बटण मात्र सहा महिन्यांत सैल झालं, हलवलं की आत चरचर व्हायची, लगेच बदललं. तिथे दहा-वीस रुपये वाचवू नका.

भाचीला पण असाच लॅम्प पाहिजे, तिची दहावी आहे. घरी ९० एमएमचा तुकडा पडलाय, पण बल्बच ६० एमएम जाडीचा, म्हणजे कडेला जेमतेम बोटभर जागा उरते आणि हवा कोंडणार. म्हणून शेजारच्या काकांकडे ११० चा तुकडा सांगून ठेवलाय, त्यांची पाइपलाइन या आठवड्यात होणार आहे.