कागजीपुरा: ग्रुपबरोबर जावं की आपलं आपण?

दिवाळी झाली की नौपाड्यातल्या आमच्या कट्ट्यावर वेरूळच्या सहलीचे बेत सुरू होतात. यंदा त्यात हातकागदाचं, म्हणजे हाताने कागद बनवणारं गाव कागजीपुरा आलंय, आणि 'ग्रुपबरोबर जाऊ की स्वतः?' असं तिघींनी विचारलं. मी दोन्ही करून आलेय.

गाव दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये, वेरूळच्या रस्त्यावरच आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कागदी कारागिरांनी ते वसवलं, असं सांगतात.

ग्रुपचा खरा फायदा म्हणजे कागदाचा लगदा कालवलेल्या पाण्याचा हौद हमखास चालू असतो. चाळीस माणसं येणार म्हटल्यावर लगदा तयार ठेवतात, आणि गाइड प्रत्येक पायरी समजावतो. मी एकटी गेले तेव्हा काम बंद होतं. दोरीवर वाळणारे कागद बघून परत आले. पण ग्रुपमध्ये आमच्या आयोजकाने गावाला जेमतेम पंचवीस मिनिटं दिली. हौदाभोवती पुढच्या दहाजणांनाच दिसलं, मागच्यांना फक्त पाण्याचा आवाज.

आणि बघण्यासारखं तर तेच आहे! कारागीर जाळीची चौकट हौदात तिरकी बुडवतो, आडवी वर काढतो आणि हलकेच हलवतो. पाणी निथळतं, जाळीवर सायीसारखा थर उरतो. तो कापडावर अलगद उलटायचा, की झाला ओला कागद. लगदा सुती चिंध्यांचा, लाकडाचा नाही. जुन्या रीतीत वाळलेल्या कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. हे घाईत कळत नाही हो.

स्वतः जायचं तर ठाण्याहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, पुढे संभाजीनगरहून दिवसभराची गाडी. चौघं असाल तर परवडतं. आदल्या दिवशी फोन करून काम चालू आहे का ते विचारा, शुक्रवारची दुपार, म्हणजे नमाजाची वेळ, टाळा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात.

एकच दिवस हाताशी असेल तर पुण्यात शिवाजीनगरची १९४० सालची हातकागद संस्था आहे. काम बरंचसं तेच, गाव मात्र नाही.

गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना ग्रुपनेच न्या. हौदात हात घालायला आसुसलेली मुलं असतील तर स्वतः जा. आणि ग्रुपचे पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा, 'हौदापाशी किती वेळ?' तासाभराहून कमी म्हणाला, तर दुसरा ग्रुप बघा.