डिस्पोजेबल फेको सेट, काही महिन्यांनंतर: स्टील चांगलं, पाउचने डोकं उठवलं

फेको म्हणजे बारीक छेदातून मशीनने मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन, आणि हा सेट म्हणजे त्याची एकदाच वापरून टाकायची हत्यारं. ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. ब्लेड आणि कॅन्युला (बारीक पोकळ नळ्या) बिनधास्त डिस्पोजेबल घ्या. फोर्सेप्ससकट, म्हणजे बारीक चिमट्यांसकट, पूर्ण सेट घ्यायचा विचार असेल तर कंपनीच्या रेपकडून (विक्री प्रतिनिधीकडून) चार पाउच, म्हणजे हत्यारांची सीलबंद निर्जंतुक पाकिटं, मागून घ्या, ग्लोव्हज घाला, हात थोडे ओले करा आणि उघडून बघा. स्टील नंतर बघा, आधी पाउच. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

मी ठाण्यात नौपाड्याकडे एका छोट्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची ओटी (ऑपरेशन थिएटर) सांभाळते. नर्सिंगमधली सगळी वर्षं डोळ्यांच्या ओटीतच गेली, त्यामुळे कीरॅटोम (छेद द्यायचं ब्लेड) २.८ चा की २.२ चा, रेक्सिस (भिंगावरच्या पापुद्र्यात पाडायचा गोल) फोर्सेप्स कोणता वगैरे इथे सांगत बसत नाही, हे वाचणाऱ्यांना ते माहीत असणार.

आम्ही पूर्ण सेटवर गेलो ते काही आवड म्हणून नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या ऑटोक्लेव्हचा, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनचा, गॅस्केट गेला, तो बदलला तर मशीन प्रेशर धरेना, मग म्हणे कॉइल, मग म्हणे व्हॉल्व्ह, आणि सर्व्हिसवाल्याचं रोज "सिस्टर, उद्या नक्की". छोट्या टेबलटॉपवर एका वेळी जेमतेम एक सेट बसतो, त्यात कितीही घाई केली तरी दोन केसमध्ये ऑपरेशन करणाऱ्या मॅडमना नुसतं बसून राहावं लागायचं. शेवटी सरांनी वैतागून डिस्पोजेबल सेट मागवले. स्पेक्युलम (पापण्या उघड्या धरणारी वायर), रेक्सिस फोर्सेप्स, मॅकफर्सन (कृत्रिम भिंग धरायचा चिमटा), चॉपर (मोतीबिंदूचे तुकडे करायला), डायलर (भिंग फिरवायला), हायड्रोची कॅन्युला (भिंगाभोवती पाणी सोडायला), सगळं वेगवेगळ्या पाउचमध्ये. ब्लेड तर आम्ही आधीपासूनच एकदाच वापरून टाकतो.

पहिलं मत चांगलंच झालं, खोटं कशाला बोलू. मला वाटलेलं पत्र्याचं काहीतरी येणार, पण फिनिश मॅट आहे, मायक्रोस्कोपखाली चमकत नाही, टोकं नीट जुळतात. मॅडम रेक्सिसच्या बाबतीत भयंकर चिकित्सक आहेत, पाच मिलिमीटरचा गोल जरा कडेला पळायला लागला की आधी फोर्सेप्सकडे संशयाने बघतात, त्यासुद्धा काही बोलल्या नाहीत. चॉपरही ठीक. स्पेक्युलम मात्र लेचापेचा. पेशंटने पापण्या घट्ट मिटायला सुरुवात केली की वायर आत दबते, म्हणून आमचा जुना स्पेक्युलम आम्ही परत आणला आणि तेच बरं झालं. खाली पडलं तर? या एका बाबतीत डिस्पोजेबल म्हणजे सुख. आमचा टायटॅनियमचा मॅकफर्सन एकदा नव्या मुलीच्या हातून पडला, टोक वाकलं, रिपेअरवाल्याने सरळ करून दिलं पण मॅडम म्हणाल्या आता याने हॅप्टिक (कृत्रिम भिंगाचा बारीक पाय) पकडवत नाही. काही हजारांची वस्तू कपाटात पडून आहे. इथे पडलं तर दुसरं पाउच उघडायचं, कुणाला बोलणी नाहीत.

पण ते दुसरं पाउच उघडायचं, इथेच सगळी गोम आहे.

पहिल्या खोक्यातली पाउच एका बाजूने पारदर्शक प्लास्टिक आणि दुसऱ्या बाजूने टायव्हेकची होती. टायव्हेक दिसायला कागद, पण असतं पॉलिथिलीनच्या धाग्यांचं. निर्जंतुक करायचा ईटीओ गॅस आतबाहेर जाऊ देतं, ओलं झालं तरी फाटत नाही, आणि सोलताना तुसं सोडत नाही. दोन्ही ओठ अंगठ्यांनी धरले, बाहेरच्या बाजूला उलगडले की फोर्सेप्स आयता समोर, स्क्रब सिस्टरने (निर्जंतुक ग्लोव्हज घालून हत्यारं देणाऱ्या नर्सने) उचलायचा. छान चाललेलं. दुसऱ्या ऑर्डरला खोकं तेच, लेबल तेच, किंमत तीच, आणि आतलं पाउच साध्या मेडिकल पेपरचं! कुणी कळवलं नाही, बिलावर काही नाही. मला हाताला लागल्याबरोबर कळलं.

आता ठाण्यातला जुलै ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ओटीत एसी आहे, डीह्युमिडिफायर आहे, पण स्टोअरच्या खोलीत भिंतींना पाणी सुटतं. कागद सादळला की तो सीलवरून सोलला जात नाही, मधेच आडवा फाटतो. अर्धा कागद प्लास्टिकला चिकटून राहतो, अर्धा तुमच्या हातात, आणि फोर्सेप्सचं टोक त्या फाटलेल्या कडेला घासून बाहेर येतं. फाटलेली कड म्हणजे बाहेरची बाजू, म्हणजे अनस्टराइल, म्हणजे ते पाउच बाद. पैसे देऊन घेतलेलं नवं कोरं स्टील, डोळ्याच्या जवळही न जाता, थेट टोकदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात. आमच्याकडे बोहारणीशी एका वाटीवरून दारात घासाघीस करणारी माणसं आहेत, तिथे हे बघताना माझ्या पोटात कालवायचं.

त्याहून वाईट म्हणजे तुसं. बरोबर उघडलं तरी कागदाचे बारीक धागे उडतातच, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. एका केसला मॅडमनी फोर्सेप्स मायक्रोस्कोपखाली धरला आणि नुसतं "सिस्टर" एवढंच म्हणाल्या. टोकाला एक पांढरा धागा. आत गेला असता तर? कापसाचा किंवा कागदाचा धागा डोळ्यात राहिला तर कधी काही होत नाही, कधी सूज धरून बसतो, आणि पेशंट महिनाभर थेंब घालत आपल्यालाच विचारत राहतो की अजून लाली का जात नाही. त्या दिवसापासून माझं नियमच झालं, पाउच ट्रॉलीवर उघडायचंच नाही, लांब उभं राहून उघडायचं, आणि प्रत्येक फोर्सेप्सचं टोक बीएसएसने (डोळ्यासाठीच्या सलाइनने) धुऊन मगच मॅडमच्या हातात. वेळ वाचवायला घेतलेल्या वस्तूवर वेळ घालवायचा.

रेपला फोन केला. "ताई, स्टोरेजचा प्रॉब्लेम असेल." म्हटलं, टायव्हेक असताना स्टोरेज हेच होतं, याच भिंती होत्या. मग "आमच्याकडून चेंज नाही, सप्लायरकडून असेल." मग दोन्ही पाउचचे फोटो पाठवले शेजारी शेजारी ठेवून, फाटलेली पाउच पिशवीत भरून ठेवली आणि तो आला तेव्हा टेबलावर ओतली. तेव्हा कुठे एक खोकं बदलून दिलं. बदलून काय दिलं, तर कागदाचंच, फक्त ओठ जरा मोठे. माझं म्हणणं साधं आहे. टायव्हेक महाग आहे, मान्य, कागद वापरा, पण मग किंमत कमी करा आणि खोक्यावर लिहा. आम्हाला या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, हॉस्पिटलची सेवा जीएसटीतून सूट असते म्हणून, त्यामुळे प्रत्येक रुपया आमच्याच खिशातून जातो. आणि इन्शुरन्सवाल्यांचं मोतीबिंदूचं पॅकेज ठरलेलं, त्यांना तुम्ही काय वापरलं याच्याशी देणंघेणं नाही.

कॅन्युलाबद्दल मात्र माझं मत पहिल्या दिवसापासून एकच आहे. पोकळ वस्तू धुणं हा ओटीतला सगळ्यात बेभरवशाचा प्रकार. व्हिस्को (ऑपरेशनात डोळ्यात भरायचं घट्ट जेल) आत सुकलं की ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक होतं, पण जात नाही. धुवायला एन्झायमॅटिक द्रावण वापरलंत आणि नीट फ्लश नाही केलं तर तेही आत राहतं. पुढच्या पेशंटच्या डोळ्यात ते गेलं की टॅस, म्हणजे अशा घाणीने डोळ्याच्या आत येणारी सूज. ऑपरेशननंतर १२ ते ४८ तासांत कॉर्निया (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) कडेपासून कडेपर्यंत पांढरट, जंतू एकही नाही, आणि सगळे घाबरतात ते इन्फेक्शन समजून. आमच्या मावशी सिमको (दुहेरी नळीची कॅन्युला) धुताना मी शेजारी उभी राहायचे, सिरिंजने डिस्टिल्ड वॉटर किती वेळा मारलं ते मोजत. आता फेकोच्या बारीक कॅन्युला एकदाच वापरायच्या, माझी झोप चांगली झाली. इथे पैसे गेले तरी मी हूं की चूं करणार नाही.

इथपर्यंत सगळं माझ्या डोक्यात ठरलेलं होतं की मोठा ऑटोक्लेव्ह दुरुस्त झाला की फोर्सेप्सचे सेट बंद. ऑटोक्लेव्ह झालाही दुरुस्त. आणि मग ती कॉर्नियाची केस आली.

मुरबाडकडचे एक आजोबा, लावणीच्या वेळी भाताची पात डोळ्याला लागलेली, गावात कुठलेतरी थेंब घालत बसले आणि आले तेव्हा बुरशीचा अल्सर पार खोल गेलेला, फुटायच्या बेतात. कॉर्निया बसवल्याशिवाय डोळा वाचणार नव्हता. आय बँकेचा फोन संध्याकाळी आला. एमके मीडियममधला (कॉर्निया टिकवायच्या द्रावणातला) कॉर्निया चार दिवसांत वापरावा लागतो आणि त्यातला बराच वेळ आधीच गेलेला, त्यामुळे उद्या बघू म्हणायची सोय नाही. आमचा कॉर्नियाचा सेट दुपारच्या टेरिजियमला (डोळ्यावर वाढलेलं मांस काढायच्या ऑपरेशनला) वापरून धुवायला पडलेला. मॅडम म्हणाल्या, शेल्फवरचं काढा. काढलं. ट्रेफाइन (कॉर्निया गोल कापायचं ब्लेड) आम्ही तशीही एकदाच वापरतो, धार गेलेली ट्रेफाइन कॉर्निया कापत नाही, दाबते, कडा वेडीवाकडी येते आणि मग टाके कितीही मोजूनमापून घाला, चष्म्याचा नंबर तिरका येणारच. पण त्या दिवशी फोर्सेप्स आणि नीडल होल्डरही पाउचमधले, आणि १०-० नायलॉनची (टाक्याच्या अगदी बारीक धाग्याची) सुई त्या होल्डरवरून सटासट सुटत होती. आमच्या जुन्या होल्डरला वर्षानुवर्षांत चुंबकत्व आलंय, सुई सोडली तरी चिकटून बसते, मॅडम चिडतात, आम्ही डीमॅग्नेटायझरवर फिरवतो, पुन्हा तेच. नव्या स्टीलला ती भानगड नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बुरशीचा डोळा, केस संपल्यावर ती हत्यारं धुवायची कुणी, कशी, किती वेळा, हा विषयच नाही. सगळं डब्यात. पाउच? त्या रात्री दोन फाटली. पण मी काही बोलले नाही, जास्तीची होती.

म्हणून आता मत असं झालंय की रोजच्या मोतीबिंदूला फोर्सेप्स फेकून देणं परवडत नाही आणि पटतही नाही. आमचे ज्युनियर डॉक्टर मदुराईला अरविंद या डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये फेलोशिप करून आलेत, ते तर पहिल्या दिवसापासून नाक मुरडत होते. तिथे एका दिवसात ज्या संख्येने ऑपरेशनं होतात ती स्टीलची हत्यारं पुन्हा पुन्हा निर्जंतुक करूनच होतात आणि इन्फेक्शनचं प्रमाण जगातल्या कुठल्याही चांगल्या हॉस्पिटलच्या तोडीचं आहे. ते एका अभ्यासाचं सांगतात, तिथल्या एका फेकोमागे साधारण ६ किलो कार्बन, इंग्लंडमध्ये १३० च्या वर. मला कार्बनचं फारसं कळत नाही, पण पांढरा डबा किती लवकर भरतो ते कळतं. फक्त ब्लेड आणि सुया टाकायचो तेव्हा डबा आरामात पुरायचा, फोर्सेप्स यायला लागल्यापासून बघता बघता पाऊण भरतो, सील करा, बारकोड लावा, नवा आणा. त्या डब्याचेही पैसे लागतात आणि हा खर्च कोटेशनमध्ये कुणी धरत नाही.

हो, आणि सरांनी मधे विचारलंच, एकदा ऑटोक्लेव्ह करून दुसऱ्यांदा वापरलं तर काय बिघडतं. लेबलवर दोनच्या आकड्यावर काट मारलेली असते, म्हणजे दुसऱ्यांदा वापरू नका, ती दाखवली. वर सांगितलं की प्लास्टिकच्या मुठीचा ब्लेड १३४ डिग्रीला घातला तर काय होतं ते मला विचारू नका, दुसऱ्या हॉस्पिटलमधली मैत्रीण सांगते त्यांच्याकडे काय होतं ते. सर गप्प बसले. पुन्हा वापरायचंच असेल तर पुन्हा वापरायचीच वस्तू घ्या, ती स्वस्त पडते.

सध्या आमच्याकडे ब्लेड, कॅन्युला, ट्रेफाइन कायम डिस्पोजेबल. फोर्सेप्सचे पूर्ण सेट फक्त संसर्ग असलेल्या डोळ्यासाठी आणि अचानक येणाऱ्या कॉर्नियासाठी, तेही स्टोअरमध्ये नाही, ओटीच्या आतल्या एसी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. दिवाळीनंतर लिस्ट वाढते, लोकांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही की मोतीबिंदू थंडीतच काढायचा असतो, कितीही सांगा. तेव्हा पुन्हा ऑर्डर द्यावी लागेल म्हणून रेपला आत्ताच सांगून ठेवलंय, टायव्हेक असेल तर बोल. परवा सॅम्पल देऊन गेला. कागदच आहे, फक्त आता निळा छापील. चेक सरांना अडवून ठेवायला सांगितलाय.