खडा फेसाळला तेव्हाच उठायला हवं होतं : मुतखड्याच्या शिबिरात गेलेले २५,७०० रुपये

आधी हिशोब देतो, कारण "किती गेले?" हेच सगळे पहिलं विचारतात आणि हळहळ किती दाखवायची ते त्यावरून ठरवतात. नोंदणी ५०० रुपये. 'खडा परीक्षण' १,२००. पंधरा-पंधरा दिवसांच्या पुड्यांचे तीन टप्पे, प्रत्येकी ६,५००, म्हणजे १९,५००. काढ्याच्या सहा बाटल्या ४५० प्रमाणे २,७००. शेवटी खडा गेल्याची खात्री म्हणून शिबिरवाल्यांनी सांगितलेल्या ठिकाणची सोनोग्राफी, १,८००. एकूण २५,७००. पुढे तोच खडा दुर्बिणीतून लेसरने फोडायला ५८,००० गेले, ते यात धरलेले नाहीत.

शिबिर कसं असतं ते सांगत बसत नाही. मंगल कार्यालय, दोन दिवस, 'बिना ऑपरेशन', भिंतीवर बरे झालेल्यांचे फोटो. असली बॅनर सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

टेबलावर काचेचा पेला होता. त्यात पिवळसर अर्क. एका डबीतून करड्या रंगाचा, हरभऱ्याएवढा 'पेशंटचा खडा' काढून त्यांनी अर्कात टाकला. खडा फेसाळला, सूं करून बुडबुडे आले आणि पाच-सहा मिनिटांत निम्मा झाला. समोरचे पन्नास लोक पुढे झुकले. मीही झुकलो. आणि मी दहावीला विज्ञान शिकवलंय. कार्बोनेटवर आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! बुडबुडे आले याचा अर्थ तो दगड कार्बोनेटचा होता, म्हणजे शहाबादी फरशीचा किंवा संगमरवराचा तुकडा. माणसाच्या मूत्रपिंडात कॅल्शियम कार्बोनेटचा खडा जवळजवळ होतच नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ऑक्झलेट लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये फेसाळत नाही, विरघळतही नाही. घरी अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाकून बघा, हुबेहूब तोच तमाशा दिसेल, पाच रुपयांत.

बरं, अर्क खरोखर आम्ल होता असं धरू. प्यायलेलं आम्ल आम्ल म्हणून मूत्रपिंडापर्यंत जातच नाही. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ मध्ये घट्ट धरून ठेवतं. लिंबाचा उपयोग होतो तो उलट्या कारणाने: त्यातलं सायट्रेट लघवीत उतरतं, कॅल्शियमला धरून ठेवतं आणि नवा खडा जमू देत नाही. जुना फोडत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पेल्याकडे बघताना डोक्यात होती ती फक्त रात्री दोनची कळ.

मूर्ख म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: खडा तिसऱ्यांदा झाला होता. पहिल्या दोन वेळी डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रनलिका उघडी ठेवणारी नळी, बसवला होता. प्रत्येक लघवीला होणारी आग आणि कमरेत जाणारी सणक ज्यांनी सोसलीय ते मला हसणार नाहीत. एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पाच-दहा वर्षांत पुन्हा होतो. या धंद्याचं गिऱ्हाईक हेच, घाबरलेलं, ऑपरेशन करून कंटाळलेलं.

कोर्स ४५ दिवसांचाच का, तेही समजून घ्या. ५ मिलिमीटरपर्यंतचे मूत्रनलिकेतले खडे दोन तृतीयांश लोकांमध्ये आपोआप पडतात, आणि बहुतेक चार ते सहा आठवड्यांत. म्हणजे दहा जणांना पांढरं पीठ दिलं तरी सहा-सात जण हार घेऊन येणार. त्यात सोनोग्राफी लहान खड्याचं माप बऱ्याचदा थोडं वाढवून सांगते, आणि '२-३ मिमी कॉन्क्रिशन' (बारीक कण) असा शेरा पुष्कळदा खड्याचाही नसतो. भिंतीवरचे फोटो खोटे नव्हते, हीच गंमत. ते लोक तसेही बरे होणारच होते. माझा ७ मिमीचा होता, डाव्या नलिकेच्या वरच्या भागात. असा खडा स्वतःहून पडण्याची शक्यता निम्म्याहून कमी. तो 'वाट बघू' प्रकारातला नव्हता.

पुरावा म्हणून त्यांनी सकाळची लघवी काचेच्या ग्लासात रात्रभर ठेवायला सांगितली. सकाळी तळाशी पांढरा गाळ. "बघा, चुरा पडतोय." कुणाचीही लघवी गार झाली की त्यातले युरेट, फॉस्फेट खाली बसतात. पुडीत क्षार असेल तर लघवी अल्कधर्मी होऊन फॉस्फेट आणखीच बसतं. खरा पडलेला खडा गाळणीवर कटकन वाजतो आणि बोटांत चुरगळत नाही. खडा पडायची वाट बघत असाल तर चहाची जुनी गाळणी किंवा सुती फडकं बाथरूममध्ये ठेवा आणि प्रत्येक वेळची लघवी गाळा.

आणि दुखणं थांबलं! सहाव्या दिवशी. तिथेच मी पूर्ण त्यांचा झालो. नलिका अडकून राहिली की पहिल्या दिवसांत मूत्रपिंडातला दाब वाढतो, कळ येते. मग मूत्रपिंड काम कमी करतं, दाब उतरतो, कळही उतरते. खडा जागचा हललेला नसतो. शिवाय पुड्यांवर घटक नव्हते, बॅच नंबर नव्हता, उत्पादन परवाना क्रमांक नव्हता. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर हे सगळं छापणं औषध नियमांनुसार बंधनकारक आहे. देशी औषधाच्या नावाखाली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं किंवा स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वारंवार सापडलेत. अडकलेल्या मूत्रपिंडावर महिनाभर वेदनाशामक म्हणजे काय, ते कुठल्याही डॉक्टरला विचारा. कोऱ्या पुडीतलं काहीही पोटात घालू नका, देणारा कितीही भगव्यात असो वा पांढऱ्यात.

दुसरी चूक तर कागदावर छापलेली होती. त्यांच्या १,८०० रुपयांच्या सोनोग्राफीत 'खडा दिसत नाही' लिहिलं होतं आणि पुढच्याच ओळीत 'डाव्या मूत्रपिंडाला किंचित सूज'. मी विचारलं. "खडा गेल्याची खूण आहे, मास्तर, रस्ता मोकळा होताना सुजतं." मी मान हलवली! मान!! नलिकेच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत दिसत नाही, हे नेहमीचं आहे. सूज आहे आणि खडा दिसत नाही, याचा अर्थ खडा लपलेला असू शकतो. अशा वेळी विना-कॉन्ट्रास्ट सीटी केयूबी करायची, म्हणजे शिरेतून औषध न देता मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचं स्कॅन. त्यात जवळजवळ सगळे खडे दिसतात, माप कळतं, कडकपणाही कळतो. चार महिन्यांनी मी ती केली तेव्हा खडा नलिकेच्या मधल्या भागात रुतून बसला होता, ९ मिमी, आणि मूत्रपिंडाचं काम कितपत चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढून १.७. काढल्यावर त्याचं पृथक्करण केलं: कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट, सगळ्यांत टणक जातींपैकी एक. जगातला कुठलाही काढा हा पोटातून विरघळवत नाही. विरघळतात ते युरिक ॲसिडचे खडे, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा पीएच ६.५ च्या आसपास कित्येक आठवडे टिकवला तर. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर तेच पोटॅशियम जिवावर बेततं, म्हणून ते शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सीटीत दिसतो.

आता तक्रारीचं. मूत्रपिंडातले खडे बरे करण्याची जाहिरात करणंच मुळात गुन्हा आहे. १९५४ च्या औषध व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत पित्ताशय, मूत्रपिंड आणि मूत्राशयातले खडे शब्दशः लिहिलेले आहेत. सत्तर वर्षांचा कायदा. मी बॅनरचा फोटो, कायद्याची प्रत आणि रिपोर्ट घेऊन गेलो. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं दिलेत ना?" मग हा दिवाणी मामला. तिथून एका सरकारी कार्यालयात. तिथले म्हणाले, हे आयुर्वेदिक, आमच्या टेबलावर नाही, वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावरचे साहेब दौऱ्यावर. पुढच्या सोमवारी साहेब होते, पण म्हणाले, तो शिबिरवाला डॉक्टर नाही ना, मग नोंदणी तपासणाऱ्यांकडे जा. नोंदणी तपासणारे म्हणाले, नोंदणीच नाही तर रद्द काय करणार, पोलिसांत जा. म्हणजे तो डॉक्टर असता तर कारवाई झाली असती. डॉक्टर नाही म्हणून सुटला! अकरा फेऱ्या, प्रत्येक फेरीला एसटीचे जाऊन-येऊन १४० रुपये, म्हणजे १,५४०. हेही लिहून ठेवलंय. शेवटी एकाने नमुना मागितला, 'सीलबंद हवा'. माझ्याकडे उरलेली एकच पुडी होती आणि ती फोडलेली. बाकीच्या मी रागाने नाल्यात टाकल्या होत्या. तुम्ही टाकू नका. एक पुडी न फोडता, पावतीसकट, तारीख घालून ठेवा.

पावतीवरून आठवलं. मला पावत्या मिळाल्या होत्या, व्यवस्थित शिक्क्याच्या. घरी येऊन नीट वाचल्या तर वर लिहिलं होतं 'ऐच्छिक सेवा देणगी'. १९,५०० ची देणगी. विक्री झालीच नाही, तर ग्राहक कुठला? यूपीआयचे पैसे तिसऱ्याच कुणाच्या वैयक्तिक खात्यात गेलेले. पैसे देण्याआधी पावतीवर काय छापलंय आणि मोबाईलवर कुणाचं नाव येतंय, दोन्ही वाचा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, मी केला तसा पाच महिन्यांनी नको. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार आत्ता तिथेच आहे, तारखेवर.

खडा होऊच नये यासाठी जे खरं चालतं त्यातलं बरंचसं फुकट आहे, म्हणून त्याची शिबिरं भरत नाहीत. दिवसाला लघवी अडीच लिटर झाली पाहिजे. पाणी किती प्यालात ते मोजू नका, बाहेर किती आलं ते एक दिवस बाटलीने मोजा. मराठवाड्याच्या मे महिन्यात त्यासाठी चार लिटरही कमी पडतं, कारण घामातच जातं. एकदम लोटाभर पिऊन उपयोग नाही, दिवसभर वाटून प्या. रात्री लघवीला उठलात की ग्लासभर प्या, कारण लघवी सगळ्यांत घट्ट पहाटे असते. इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीत नुसतं पाणी वाढवलेल्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न वाढवलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. कुळथाचं कढण, सातूचं पाणी प्यायला हरकत नाही. त्यातलं पाणी कामाला येतं.

दूध-दही बंद करू नका. शिबिरात पहिलं तेच बंद करायला लावतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर काढतं. ते कमी केलं तर ऑक्झलेट मोकळं रक्तात जातं. त्याच इटालियन गटाच्या २००२ च्या चाचणीत नेहमीएवढं कॅल्शियम, कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्यांमध्ये पुन्हा खडा होण्याचं प्रमाण कमी-कॅल्शियमवाल्यांच्या निम्मं होतं. दही जेवणासोबत घ्या, दोन तासांनी नको. कॅल्शियमची गोळी असेल तर तीही जेवतानाच.

मीठ दिवसाला सपाट चमचाभर, पाच ग्रॅम, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, ठेचा सगळं धरून. मिठातलं सोडियम लघवीत जाताना कॅल्शियम ओढून नेतं. आपल्याकडे टोमॅटोच्या बियांना शिव्या देतात आणि वरून पापड भाजून खातात. टोमॅटोत ऑक्झलेट किरकोळ असतं. खरं ते पालक, चुका, अळू, राजगिरा, बदाम, रताळं यांत. एकादशीचा उपास घ्या: राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, आणि निर्जळी असेल तर पाणीही नाही. खडा करायची यापेक्षा नेमकी कृती मला सुचत नाही. व्हिटॅमिन सी च्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्यांचंही शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट होतं. कोकणातल्यांनी बिमल्यांचा आणि कमरखाचा रस 'औषध' म्हणून पिऊ नये. बिमल्यांच्या रसातल्या ऑक्झलेटने मूत्रपिंड बंद पडल्याच्या नोंदी केरळातून आहेत.

पुन्हा पुन्हा होत असेल तर दोन गोष्टींवर खर्च करा: पडलेल्या खड्याचं पृथक्करण आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी, ज्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, युरिक ॲसिड, सोडियम आणि एकूण आकारमान येतं. चोवीस तासांची लघवी गोळा करताना पहिली सकाळची टाकायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. पुष्कळ लोक इथेच चुकतात. स्टेंट बसवला असेल तर काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा. विसरलेल्या स्टेंटवरच खडा चढतो. आणि कळ येऊन ताप-थंडी भरली, किंवा लघवी बंद झाली, किंवा एकच मूत्रपिंड आहे, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.

गेल्या आठवड्यात बसस्टँडसमोर नवं बॅनर लागलंय. संस्थेचं नाव वेगळं, मोबाईल नंबर वेगळा, पेल्यातल्या फेसाळत्या खड्याचा फोटो तोच. ज्यांच्याकडे स्वतःचा पडलेला खडा डबीत असेल त्यांनी तो घेऊन जा आणि सगळ्यांसमोर म्हणा, "तुमचा राहू दे, अर्कात हा टाका." आख्खा देऊ नका मात्र. अर्धा लॅबसाठी ठेवा.