डेबियन १३ : अक्षरजुळणीच्या टेबलावरून

गिरगावात माझं अक्षरजुळणीचं काम आहे. गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंकांची पानं यायला लागतात, आणि लेखकाने एकदा प्रूफ पास केलं की पानातली एक ओळही हललेली चालत नाही. डेबियन या लिनक्सवरच्या संगणक-प्रणालीची स्टेबल, म्हणजे फारशी न बदलणारी आवृत्ती मी निवडली ती यासाठी.

देवनागरीची जोडाक्षरं पडद्यावर जुळवते ती हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड. तिची किंवा फॉन्टची आवृत्ती बदलली, तर शब्दाची रुंदी केसभर बदलू शकते. तेवढ्याने शेवटचा शब्द खालच्या ओळीत जातो, परिच्छेद एका ओळीने वाढतो आणि पुढची सगळी पानं सरकतात. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि तेरा महिन्यांच्या आसपास तिचा सांभाळ होतो. आर्च या आणखी एका लिनक्स प्रणालीमध्ये तर आवृत्त्याच नाहीत, बदल रोज येत राहतात. प्रोग्रामिंग करणाऱ्या माझ्या भाच्याला फेडोराच योग्य आहे. माझ्या टेबलावर ते नको.

डेबियन स्टेबलमध्ये सुरक्षेची दुरुस्ती बहुतेक वेळा जुन्याच आवृत्तीला ठिगळासारखी जोडून मिळते, बाकी सगळं होतं तसंच राहतं. फायरफॉक्स मात्र याला अपवाद आहे.

याची किंमतही मोजावी लागते. चित्रांवर काम करायचा प्रोग्राम गिंप, त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, पण डेबियन १२ मध्ये २.१० च राहिला. ३.० मध्ये चित्रावर लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो, ही मुखपृष्ठ करणाऱ्यासाठी फार मोठी सोय आहे, म्हणून तो एकच प्रोग्राम मी फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज-पद्धतीने घेतला. फ्लॅटपॅक आपल्या लायब्रऱ्या स्वतःबरोबर आणतो, त्यामुळे खालच्या प्रणालीला धक्का लागत नाही. डिस्कवर जागा मात्र बरीच खातो. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या १३ मध्ये गिंप ३ आहेच. एखादा प्रोग्राम नवा हवा म्हणून अख्खी प्रणाली सतत बदलत ठेवायची, हे मला पटत नाही.

लॅमिंग्टन रोडवरून अगदी नवा लॅपटॉप आणला असेल तर जपून. १३ चा कर्नल, म्हणजे यंत्राशी बोलणारा प्रणालीचा गाभा, ६.१२ आहे, त्यानंतर आलेलं वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड कदाचित चालणार नाही. बॅकपोर्ट्स या डेबियनच्याच वेगळ्या साठ्यातून नवा कर्नल घेता येतो, पण नवख्याने त्यापेक्षा फेडोरा घ्यावं. आणि जुन्या ३२-बिट मशीनवर १३ नव्याने घालताच येत नाही.

तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं दीर्घकालीन सांभाळ मिळतो, म्हणून घाई नसते. १२ वरून १३ मी दिवाळी उलटल्यावर, छापखान्याची बिलं चुकती झाल्यावर घातली. १४ सुद्धा तेव्हाच घालीन.