मुंबई ते नागपूर: विमान, दुरांतो की समृद्धी?

नकाशावर सरळ रेघ मारली तर मुंबई-नागपूर अंतर ६८५ किलोमीटरच्या आसपास भरतं. रेल्वेने तेच साधारण ८४० होतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो भिवंडीजवळच्या आमणेपासून मोजलेला. तिथवर पोचायचं ते वेगळं.

विमानाच्या तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून कमी, पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्यामुळे निघताना रांग आणि उतरताना आकाशात घिरट्या, हे दोन्ही त्या दीड तासात धरलेलं असतं. खरा वेळ जातो तो जमिनीवर. सामानाचा काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतो, म्हणजे दीड तास आधी पोचायलाच हवं. अंधेरी-पार्ल्याच्या माणसाचं दारापासून दारापर्यंत चार तासांत भागतं. ठाणे-डोंबिवलीकराने संध्याकाळचं विमान धरलं तर सहा तास धरून चालावं. दक्षिण मुंबईकरांची मात्र मेट्रो ३ मुळे सोय झाली आहे. ती ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते आणि थेट विमानतळाच्या टर्मिनल २ ला (टी-२) थांबते. नागपुरात उतरल्यावर चिंता नाही. सोनेगावचा विमानतळ गावातच म्हणावा इतका जवळ, सीताबर्डी सात-आठ किलोमीटरवर.

दुरांतो रात्री सव्वाआठच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी साडेसातच्या आत नागपूर. अकरा तास हा आकडा ऐकायला मोठा, पण त्यातले सात-आठ झोपेत जातात. सकाळी अकराला कोर्टाची तारीख किंवा लग्नाचा मुहूर्त असेल तर मी डोळे झाकून हीच घेईन. पहाटेच्या विमानासाठी तीनला उठायचं किंवा आदल्या दिवशी जाऊन हॉटेलचं भाडं भरायचं, त्यापेक्षा हे बरं. कल्याण-ठाणेकरांना विदर्भ एक्स्प्रेस जास्त सोयीची, ती तिकडे थांबते. परत येताना संत्र्यांची पेटी आणायची असेल तर विमानाची १५ किलोंची मर्यादा आठवा. गाडीत सीटखाली सरकवली की काम झालं.

समृद्धी जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारीला सपाटीवर ताशी १२०, घाटात १०० ची मर्यादा. आठ तास म्हणतात, पण जेवणखाण धरून दहा धरा. मोटारीचा एका बाजूचा टोल १,४४५ रुपये, इंधन निराळं. चौघं असाल तर हिशेब जमतो. एकट्याने मात्र जाऊ नये. रस्ता इतका सरळ आणि एकसुरी आहे की दुपारच्या उन्हात डोळा लागतो, आणि थांबून चहा घ्यावा अशी ठिकाणं अजून दूरदूर आहेत. दुचाकीला तर प्रवेशच नाही.

दिवाळीला जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा. ते हुकलं तर विमानाचे दर पाहण्याआधी तत्काळ करून बघा: एसीचं आदल्या दिवशी दहाला, स्लीपरचं अकराला.