कॉफी भाजायच्या कराराचं कलम ११ वाचा, मगच सही करा

कंपनीनं भाजायचं यंत्र आणि कच्चं बी द्यायचं, आपण भाजून कॉफी त्यांनाच परत विकायची, अशा बायबॅक योजनेत माझे पैसे अडकले. यंत्राचं डिपॉझिट ३,००,०००. ट्रेनिंगचे ३६,५००. अडीचशे किलो कच्चं बी ६०० रुपये किलोनं, म्हणजे १,५०,०००. ट्रान्सपोर्टचे ३,८००. एकूण ४,९०,३००. आकडे आधीच लिहितो, कारण गावात कुणी सात लाख सांगतं, कुणी दहा.

बायबॅकच्या योजना कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. इमू पाहिले, कडकनाथ पाहिला. मीही पाहिले होते, म्हणून तर हे वेगळं वाटलं: कोंबडी मरते, कॉफी मरत नाही. आणि मी काही अडाणी नव्हतो. पतसंस्थेत होतो तेव्हापासून चिखलदऱ्याचं बी आणून घरी कढईत भाजायचो. परतवाडा-चिखलदरा रस्त्यावर कॉफी भाजायची छोटी रोस्टरी टाकायची, पर्यटकांना इथलीच कॉफी पाजायची, एवढंच डोक्यात होतं. माय म्हणाली, "खुर्चीतली नोकरी हाय, काहून सोडतं रे?" सोडली.

नागपूरच्या ऑफिसात डेमो होता. पोरानं डिजिटल काट्यावर एक किलो बी मोजलं, यंत्रात घातलं, तडतड ऐकवली, ट्रेमध्ये गार केलं. आणि मोजलं नाही! सरळ दळून कपात. काटा तिथंच, हाताच्या अंतरावर, चालू. आम्ही सगळे कप हुंगत उभे. भाजताना ओलावा उडतो आणि वजन साधारण पंधरा टक्के घटतं, काळी केली तर वीसपर्यंत, हे मला माहीत होतं. बापानं जन्मभर कापूस विकला. आठ टक्क्यांवर ओलावा दिसला की पैसे कापतात, हे आमच्याकडे लेकरालाही कळतं. पण त्या खोलीत वासच असा सुटला होता की काट्याकडे बघतो कोण?

करारातलं कलम ११: जेवढं बी दिलं तेवढीच भाजलेली कॉफी ९०० रुपये किलोनं परत घेऊ, तूट आल्यास डिपॉझिट जप्त. वाचताना ही चोरी रोखायची अट वाटते. कुणालाही वाटेल. "पतसंस्थेत लोकांचे कागद तपासत होता ना?" असं आता ऐकवतात. अहो, तिथं सोनं तारण असायचं. सोनं तिजोरीत घटत नाही.

२५० किलोचे २१२ झाले. माल त्यांनी ठेवून घेतला, जप्तीचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं, मग फोन बंद, शटर बंद.

आता सरकारी दारं. ठाण्यात साहेबांनी कराराचं पानही उलटलं नाही. "सही तुमचीच हाय ना भाऊ? मग हे दिवाणी हाय." ऑफिस नागपूरचं, तिकडे जा. नागपूरवाले म्हणाले, पैसे तुमच्या बँकेतून गेले, तिकडेच द्या तक्रार. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मोबाईलवर उघडून दाखवलं, तर "वकील आहात काय?" सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर विचारलं, ओटीपी दिला होता का? नाही, आरटीजीएस केलं. मग आमच्याकडे नाही. कृषी कार्यालय म्हणालं, कॉफी आमच्यात येत नाही, कॉफी बोर्ड बंगळुरूला आहे. म्हणजे परतवाड्याच्या माणसानं बंगळुरूला जाऊन रडायचं! ग्राहक आयोगातल्या बाबूनं, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, म्हणून वाटेला लावलं. पोट भरायला स्वतः चालवायच्या धंद्याला त्या कायद्यात सूट आहे, हे नंतर वकिलानं सांगितलं, १,५०० रुपये घेऊन. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

कुणी भाजायचं यंत्र विकत असेल तर बाहेर आलेला मालही काट्यावर ठेवायला लावा. लाजू नका. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. बी हातात घेऊन मधली चीर बघा: अरेबिकाची वाकडी, रोबस्टाची सरळ. माझ्या गोण्यांत सरळ चिरेचंच बी निघालं, पण गोणी उघडेपर्यंत पैसे गेले होते. वर लेबल अरेबिकाचं, चवीचा स्कोअर ९१. शंभरापैकी ८० च्या वर स्पेशालिटी, म्हणजे उंची कॉफी, धरतात हे खरं. पण तो स्कोअर दिला कुणी, त्याचं नाव कुठंच नाही. "ऑगस्टची ताजी तोड" म्हणे. आपल्या देशात अरेबिकाची तोड नोव्हेंबरच्या सुमाराला सुरू होते. आणि यंत्र? वेल्डिंगवाल्यानं रंग खरवडून दाखवला: शेंगदाणे भाजायचा जुना ड्रम.

हाच करार कुणी केला असेल तर माल पाठवू नका. यंत्र न्यायला कुणी आलं तर पंचनाम्याशिवाय देऊ नका. माझ्याकडे दोघं पिकअप घेऊन आले होते. दिलं नाही.