आर्डुपायलटचं फेलसेफ, आठ महिने वापरून

मागच्या दिवाळीनंतर घरीच 4एस (चार सेलच्या) बॅटरीचा क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन जुळवला, त्यात आर्डुपायलट हे ऑटोपायलटचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि ग्रीन झोन (जिथे वेगळी परवानगी लागत नाही तो भाग) बघून दर रविवारी नागपूरच्या काटोल रोडला कळमेश्वरच्या पुढे ओळखीच्या काकांच्या शेतावर उडवतो. उडतं मस्त, त्यात काही शंका नाही.

फेलसेफ (काही बिघडलं की ड्रोनने आपोआप परत येणं किंवा उतरणं) आहे म्हणजे झालं, असं मी धरून चाललो होतो. जानेवारीत एकदा रिमोटची रेंज गेली न भाऊ, आणि हे परत यायचं सोडून संत्र्याच्या बागेवरून सरळ निघालं ते निघालंच. नशीब, थोड्या वेळात सिग्नल लागला. घरी लॉग (उड्डाणाची नोंद) उघडला तर एररमध्ये सबसिस्टिम 5, म्हणजे रेडिओ फेलसेफ, त्याची नोंदच नाही! ऑटोपायलटला काही कळलंच नव्हतं. माझा स्वस्तातला रिसीव्हर होल्डवर होता, तो शेवटचीच स्टिक पाठवत बसला आणि ऑटोपायलट बिचारा समजला की मीच स्टिक पुढे धरून उभा आहे. आता सिग्नल गेला की रिसीव्हर ऑटोपायलटला जाणाऱ्या पल्सच बंद करतो. ज्याच्यात ते जमत नाही त्यांनी थ्रॉटलची (मोटरचा जोर ठरवणारी) पल्स 975 मायक्रोसेकंदांच्या खाली जाईल असं बसवा, डिफॉल्ट आकडा तोच आहे. प्रॉपेलर काढून रिमोट बंद करून बघायचं, दोन मिनिटांचं काम, मी दोन महिने केलं नाही.

बॅटरी फेलसेफचा डिफॉल्ट 10.5 व्होल्ट, तो 3एसचा हो. 4एसवर सेलमागे 2.6 होतात, तोवर लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) मेलेली. वरून अ‍ॅक्शनही मुळात बंद, नुसती वॉर्निंग. मी 14 ठेवून आरटीएल (रिटर्न टू लाँच, उडाल्या जागी परत येणं) लावलं. व्होल्टेज सलग 10 सेकंद खाली राहिलं तरच ते चालू होतं, त्यामुळे थ्रॉटल मारल्यावर उगाच घाबरत नाही, हे आवडलं.

आरटीएलची उंची 15 मीटर, बांधावरचा कडुनिंब जवळपास तेवढाच, म्हणून 30 केली (माझ्या व्हर्जनमध्ये सेंटिमीटर टाकावे लागतात, 3000, मी आधी नुसते 30 टाकले होते).

ईकेएफचं (ड्रोन कुठे आहे ते सेन्सरवरून काढणारं गणित) मात्र अजून जमलं नाही. कंपास-जीपीएसचा मेळ बसला नाही की हे जागेवरच लँड व्हायला लागतं. कुठे आहोत तेच माहीत नाही तर घरी जाणार कसं, हे पटतं, पण शेतात कठडा नसलेली विहीर आहे. म्हणून अल्टहोल्ड (उंची आपोआप धरणारा, बाकी हाताने चालवायचा मोड) स्विचवर ठेवून हाताने आणायची प्रॅक्टिस चालू आहे, आणि काकांनी बादली काढायचा गळ आधीच विहिरीजवळ आणून ठेवलाय.